ग्रामसभेला जाण्याआधी: गावचं अंदाजपत्रक, रस्ते-पाणी आणि दाखले यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पाच वर्षं ग्रामपंचायत सदस्य होते. त्याच्या आधी आणि नंतरही साधी मतदार म्हणून ग्रामसभेला बसत आले. गिरणीत, लग्नाच्या मांडवात, एस.टी.ची वाट बघताना बायामाणसं मला जे प्रश्न विचारतात, तेच इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींना धरून आहेत. शहरात राहणाऱ्यांसाठी एक प्रश्न शेवटाकडे आहे.

ग्रामसभा म्हणजे ग्रामपंचायतीची मीटिंगच ना?

नाही. हा गैरसमज गावाला फार महागात पडतो. मासिक सभा निवडून आलेल्या सदस्यांची असते, ग्रामसभा गावातल्या सगळ्या मतदारांची. 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 रोजी लागू झाली आणि ग्रामसभेला थेट राज्यघटनेत जागा मिळाली. आपल्याकडे तिचा कारभार महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 प्रमाणे चालतो. विकासाचा आराखडा, योजनांच्या लाभार्थ्यांची निवड आणि खर्च यांना ग्रामसभेची मान्यता लागते. सरपंच आणि सदस्य पाच वर्षांनी बदलतात, ग्रामसभा बरखास्त होत नाही. पंचायतीवर प्रशासक बसला असेल तरीही ग्रामसभा तुमचीच आहे.

कोण बसू शकतं? कोण बोलू शकतं?

गावाच्या मतदारयादीत ज्यांचं नाव आहे ते सगळे. घरपट्टी थकली म्हणून कुणाला बाहेर बसवता येत नाही. लग्न होऊन आलेल्या सुनांचं नाव बऱ्याचदा माहेरच्या यादीतच राहून जातं, तेवढं वेळेत इकडे आणून घ्या. मुंबई-पुण्याला कामाला असलेल्यांचं नाव गावच्या यादीत असेल तर त्यांनाही तोच हक्क आहे.

सभा कधी असते आणि आम्हाला कळणार कसं?

आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. रिवाजाने त्या 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवशी किंवा त्यांच्या आगेमागे होतात. गरज पडली तर विशेष ग्रामसभा बोलावता येते. नोटीस सात दिवस आधी फलकावर लागायला हवी आणि तिच्यावर विषय लिहिलेले हवेत. काही गावांत अजून दवंडी देतात. आता बहुतेक ठिकाणी व्हॉट्सअ‍ॅपवर नोटिशीचा फोटो येतो.

त्या फोटोवर बोट ठेवून विषयांची यादी वाचा. तुमच्या वस्तीचा विषय त्यात नसेल तर सभेच्या दिवसाची वाट बघू नका. आधीच दोन ओळींचा अर्ज ग्रामपंचायतीत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्याची पोच घ्या. "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय" हे सदर प्रत्येक अजेंड्यात असतं, पण तोवर निम्मी सभा उठून गेलेली असते.

कोरम भरला नाही म्हणून सभा तहकूब झाली. पुढे काय?

गणपूर्तीला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. तेवढी आली नाहीत तर सभा तहकूब होते. तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा तिला कोरमची अट नसते. नेमकं इथेच गावाचं नुकसान होतं. पहिल्या दिवशी साठ माणसं येऊन परत जातात आणि दुसऱ्या दिवशी पंधरा-वीस जणांत वर्षाचा आराखडा मंजूर होतो. तहकूब झाल्याचं कळलं की पुढची तारीख तिथल्या तिथे विचारा आणि त्या दिवशी जा.

आणखी एक. हजेरी रजिस्टर घेऊन शिपाई घरी आला आणि "काकू, फक्त सही करा" म्हणाला, तर सही करू नका. त्या सहीचा अर्थ असा होतो की तुम्ही हजर होता आणि जे ठरलं ते तुमच्यासमोर ठरलं.

ग्रामपंचायतीकडे पैसा येतो तरी कुठून?

ढोबळमानाने तीन वाटांनी. पहिली वाट आपली स्वतःची: घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, बाजाराची वसुली, गाळ्यांचं भाडं. यालाच स्वउत्पन्न म्हणतात. दुसरी वाट केंद्रीय वित्त आयोगाच्या निधीची, म्हणजे या आयोगाच्या शिफारशीने केंद्राकडून येणाऱ्या पैशाची. तिसरी म्हणजे राज्य सरकार, जिल्हा परिषद, आमदार-खासदार निधी आणि वेगवेगळ्या योजना.

वित्त आयोगाचा पैसा नीट समजून घ्या, कारण लहान गावात कामांचा मोठा भाग त्यावरच चालतो. 15 व्या वित्त आयोगाचा काळ 2020-21 ते 2025-26 असा होता. त्या निधीचा 80 टक्के वाटा महाराष्ट्रात ग्रामपंचायतींना मिळाला. पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांना प्रत्येकी 10 टक्के. त्यात बंधित आणि अबंधित असे दोन भाग. 2021-22 पासून 60 टक्के बंधित होता. त्यातला निम्मा स्वच्छतेसाठी आणि निम्मा पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं अशा कामांसाठी. उरलेला 40 टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेनुसार खर्चायचा, पण पगारावर नाही. म्हणून "पाण्याचे पैसे रस्त्याला का लावत नाही?" असं कुणी विचारलं तर सरपंच नाही म्हणतात, तेव्हा ते टाळाटाळच करत असतील असं नाही. त्यांचे हात खरोखर बांधलेले असतात. आता 1 एप्रिल 2026 पासून 16 व्या आयोगाचा काळ सुरू झाला आहे. त्यामुळे ग्रामसभेत विचारण्यासारखा पहिला प्रश्न असा: जुन्या आयोगाची शिल्लक किती, आणि ती कोणत्या कामावर धरली आहे?

अंदाजपत्रक हातात मिळालं, पण ते वाचायचं कसं?

घाबरू नका. आकड्यांची गर्दी असते, पण मांडणी घरखर्चाच्या वहीसारखीच: जमा एका बाजूला, खर्च दुसऱ्या बाजूला. ग्रामपंचायतीच्या दप्तरात अंदाजपत्रकाला नमुना 1 म्हणतात. रोजच्या जमाखर्चाची रोकडवही म्हणजे नमुना 5. घरांच्या कर आकारणीची नोंदवही म्हणजे नमुना 8. हे तीन आकडे तोंडपाठ करा. "अंदाजपत्रक दाखवा" म्हणण्यापेक्षा "नमुना 1 आणि नमुना 5 दाखवा" म्हटलं की समोरचा माणूस खुर्चीत सरळ होऊन बसतो, हे मी स्वतः पाहिलं आहे.

मी कागद हातात आल्यावर पहिल्यांदा जमेच्या बाजूची आरंभीची शिल्लक बघते. शिल्लक मोठी असेल तर गेल्या वर्षी ठरलेली कामं झालेली नाहीत, असा त्याचा सरळ अर्थ असतो. मग कोणतं काम राहिलं ते विचारायचं. त्यानंतर घरपट्टी. मागणी किती होती आणि वसुली किती झाली, हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहून काढा. समजा मागणी सहा लाखांची आणि वसुली साडेतीन लाखांची असेल, आणि तरी पुढच्या वर्षाच्या जमेत पुन्हा पूर्ण सहा लाख धरले असतील, तर खर्चाच्या बाजूची अडीच लाखांची कामं केवळ कागदावर आहेत. मार्चअखेरीस "निधीअभावी" असा शेरा मारून जी कामं गळतात ती बहुधा हीच. आपल्या वस्तीचं काम त्यात जाऊ नये असं वाटत असेल तर हा प्रश्न जानेवारीतच विचारा. अंदाजपत्रक पंचायत समितीकडे गेल्यावर विचारून उपयोग नाही.

मग राखीव खर्च बघा. स्वउत्पन्नातला 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च व्हायला हवा. स्वउत्पन्न चार लाख असेल तर हे आकडे अनुक्रमे 60 हजार, 40 हजार आणि 20 हजार होतात. हा हिशोब पाटी-पेन्सिलीवर होतो आणि तो सभेत मोठ्याने वाचून दाखवण्यासारखा आहे. दिव्यांगांचे 20 हजार वर्षानुवर्षं तसेच पडून राहिलेले मी बघितले आहेत, आणि त्याच गावात तीनचाकी सायकलसाठी एक मुलगा तालुक्याला खेटे घालत होता. कुणी चोरी केली नव्हती. कुणी विचारलंच नव्हतं.

सगळ्यात शेवटी "किरकोळ" आणि "इतर" या ओळी. त्या फुगलेल्या असतील तर आत काय काय आहे ते वाचून दाखवायला सांगा.

आमच्या वस्तीचा रस्ता आराखड्यात कसा घालायचा?

दरवर्षी ग्रामपंचायत विकास आराखडा तयार होतो. महाराष्ट्रात "आमचा गाव, आमचा विकास" या नावाने हा उपक्रम 2015-16 पासून सुरू आहे. पुढच्या वर्षाच्या आराखड्याची तयारी 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून लागते. एप्रिलमध्ये जाऊन "आमचा रस्ता करा" म्हटलं की "आता आराखड्यात नाही" हेच उत्तर येणार, आणि ते उत्तर बरोबरच असतं.

म्हणून सप्टेंबरमध्ये वस्तीतल्या चार जणांनी बसायचं. रस्ता कुठून कुठपर्यंत, लांबी अंदाजे किती, किती घरांचा उपयोग, पावसाळ्यात नेमकी अडचण काय. शाळेची पोरं कुठून जातात, बाळंतिणीला न्यायला गाडी कुठपर्यंत येते, हे लिहा. जागा कुणाच्या मालकीची आहे तेही बघा. सातबाऱ्यावर रस्त्याची नोंद नसेल आणि एका शेतकऱ्याची हरकत असेल, तर निधी येऊनही काम अडतं. आधी त्या घरी जा, चहा घ्या, त्यांची संमती लेखी घ्या. हे काम कोणताही अधिकारी तुमच्यासाठी करणार नाही.

मग ग्रामसभेत विषय मांडा. सूचक कोण आणि अनुमोदक कोण ते आधी ठरवून जा. या दोन नावांशिवाय ठराव उभाच राहत नाही, आणि आयत्या वेळी "अनुमोदन कोण देतंय?" म्हटल्यावर सगळे एकमेकांकडे बघतात. आराखडा मंजूर झाला की तो ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढवला जातो. 24 एप्रिल 2020 ला सुरू झालेल्या या पोर्टलवर जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत आणि वर्ष निवडलं की मंजूर कामं आणि झालेला खर्च घरबसल्या दिसतो. घरातल्या कॉलेजच्या पोराला दहा मिनिटं शेजारी बसवा.

सभेत "मंजूर" म्हणाले, टाळ्या झाल्या, आणि वर्ष झालं तरी काम नाही. का?

हे माझ्यावरच गुदरलं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सदस्य होण्याच्या आधीची गोष्ट. 15 ऑगस्टची सभा देवळाच्या सभामंडपात होती. झेंडावंदन झालेलं, पोरं हातात जिलबी घेऊन पळत होती. आमच्या गल्लीतल्या एक म्हाताऱ्या आक्का उठल्या आणि म्हणाल्या, वळणावर अंधार असतो, तिथे सांडपाण्याची गटार उघडी आहे, मी दोनदा पडले. सगळ्यांनी माना डोलावल्या. "घेतलं आक्का, मंजूर," असा आवाज पुढून आला. आम्ही खुश होऊन घरी गेलो. पुढच्या जानेवारीत काम कुठवर आलं म्हणून विचारलं, तर प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताची वही, उघडून दाखवलं. त्यात गटार नव्हती, खांब नव्हता, आक्कांचं नावही नव्हतं. ठरावाखाली दोन बोटं जागा मोकळी सोडलेली होती. त्या वर्षी आक्का तिसऱ्यांदा पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं.

तेव्हापासून मी प्रोसिडिंग वाचून झाल्याशिवाय सभेतून उठत नाही. बोललेलं हवेत जातं. पंचायत समितीचा अधिकारी बघतो ते प्रोसिडिंग, लेखापरीक्षक बघतो ते प्रोसिडिंग, उद्या कुणी तक्रार केली तर पुरावा तेच. सभा संपताना ग्रामसेवकाला शांतपणे म्हणायचं: "भाऊसाहेब, आमचा ठराव तेवढा वाचून दाखवा." विषय क्रमांक, ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक, कामाचं नेमकं ठिकाण, आणि पैसा कोणत्या निधीतून, एवढं आलं पाहिजे. "गटार दुरुस्ती करणे" असं मोघम लिहिलेलं नको. "अमुक घरापासून तमुक घरापर्यंत" असं हवं. मोकळ्या सोडलेल्या जागेवर आडवी रेघ मारून घ्या. नंतर ठरावाची नक्कल मागा आणि ती रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा.

(2024 पासून ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदं एकत्र करून "ग्रामपंचायत अधिकारी" हे नाव दिलं आहे. गावात मात्र अजून भाऊसाहेबच म्हणतात.)

काम सुरू आहे, पण निकृष्ट वाटतंय. काय करावं?

कामाआधी प्रशासकीय मान्यता आणि तांत्रिक मान्यता लागते. अभियंत्याने तयार केलेलं कामाचं अंदाजपत्रक, ज्याला सगळे इस्टिमेट म्हणतात, ते असतं. त्याची प्रत मागा. लांबी, रुंदी, जाडी, खाली मुरूम आणि खडीचा थर किती, सगळं त्यात लिहिलेलं असतं. काँक्रीटचा रस्ता असेल तर ओतायच्या दिवशी कडेला बसून साध्या टेपने जाडी मोजा. एकदा ओतल्यावर मोजता येत नाही. नंतर त्यावर आळी करून पाणी साठवलं जातं का, आणि इस्टिमेटमध्ये लिहिलंय तेवढे दिवस जातं का, हे शेजारच्या घरातली बाईच सगळ्यात नीट सांगू शकते.

बिल निघतं ते मोजमाप वहीतल्या नोंदींवर. म्हणून तक्रार बिल निघायच्या आधी, लेखी, फोटोसह द्या. ग्रामपंचायतीला एक आणि पंचायत समितीच्या गटविकास अधिकाऱ्यांना एक. ठेकेदाराशी रस्त्यात वाद घालून काही होत नाही.

पाण्यावर ग्रामसभा काय ठरवू शकते?

पुष्कळ. 2019 मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनचं माप माणशी रोज 55 लिटरचं आहे. गावात ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते आणि ती ग्रामसभेला उत्तर द्यायला बांधील आहे. टाकी बांधून झाली म्हणजे विषय संपला असं धरू नका. खरा प्रश्न वीजबिलाचा, पंप दुरुस्तीचा आणि पाणीपट्टीच्या वसुलीचा असतो. पाणीपट्टी किती ठेवायची यावर वाद होऊ द्या, पण वीजबिलाचा आकडा समोर ठेवून होऊ द्या.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने याच्याही पुढचं करून दाखवलं. पोपटराव पवार 1989 च्या सुमारास सरपंच झाले तेव्हा गाव दुष्काळाने मोडकळीला आलेलं होतं. तिथे दरवर्षी पाऊस किती पडला, विहिरीत किती पाणी आहे याचा ताळेबंद ग्रामसभेसमोर मांडतात आणि त्यावरून कोणती पिकं घ्यायची ते ठरतं. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं, उरेल त्यात शेती. जास्त पाणी पिणारी पिकं आणि शेतीसाठी बोअर यांवर गावानेच बंधन घातलं. हा ताळेबंद मांडायला पर्जन्यमापक, मोजलेल्या चार विहिरी आणि खरं बोलायची तयारी लागते.

महिला सभेला जाऊन काय होतं? तिथे कुणी ऐकत नाही.

नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असते आणि तिथे झालेल्या शिफारशी ग्रामसभेपुढे ठेवायच्या असतात. खरं आहे, पुष्कळ गावांत ती कागदावरच होते. पण जिथे होते तिथे विषयच वेगळे निघतात. पुरुष रस्ता आणि सभामंडप मागतात, बाया शौचालयाची टाकी, अंगणवाडीचं छप्पर, पाणी सुटायची वेळ आणि दारूचा त्रास सांगतात. 2011 पासून स्थानिक संस्थांत महिलांना 50 टक्के आरक्षण आहे, पण सरपंच वहिनींच्या शेजारी बसून त्यांचे पतीच उत्तरं देत असतील तर अदबीने म्हणा, "वहिनी, तुम्ही सांगा." मी सदस्य असताना एका मावशींनी माझ्याबाबतीत असंच केलं होतं. त्या दिवसापासून मी बोलायला लागले.

सरपंच ग्रामसभा घेतच नाहीत.

आधी लेखी मागणी करा, पोच घ्या, मग गटविकास अधिकाऱ्यांकडे जा. पुरेसं कारण नसताना ग्रामसभा न घेणाऱ्या सरपंचाचं पद कायद्याने जाऊ शकतं, आणि सचिवावर, म्हणजे भाऊसाहेबांवरही, कारवाई होऊ शकते. इतिवृत्ताची नक्कल देत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज करा. 10 रुपये शुल्क, 30 दिवसांची मुदत.

दाखल्यांसाठी ग्रामसभेत बोलावं लागतं का?

नाही. जन्म-मृत्यूची नोंद, विवाह नोंदणी, नमुना 8 चा उतारा, येणेबाकी नसल्याचा दाखला हे सगळं लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली येतं. प्रत्येकाची मुदत ठरलेली आहे आणि ती फलकावर लावलेली असली पाहिजे. उशीर झाला तर अपील करता येतं. ग्रामसभेत बोला ते कार्यालय वेळेवर उघडत नसेल तर.

आमचा पाडा अनुसूचित क्षेत्रात आहे. आम्हाला हेच नियम का?

तुमचे हक्क जास्त आहेत. 1996 चा पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा, आणि महाराष्ट्राचे 2014 चे नियम यांच्यामुळे पाडा किंवा वस्तीला स्वतःची ग्रामसभा मिळू शकते. मग चार पाड्यांच्या मोठ्या सभेत तुमचा आवाज हरवायचं कारण राहत नाही. गौण खनिज (वाळू, मुरूम), गौण वनोपज (मोह, तेंदूपान), पाणवठे यांवर त्या ग्रामसभेचं म्हणणं चालतं. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणत वर्षानुवर्षं सगळ्यांच्या सहमतीने निर्णय घेतले, आणि 2009 मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला.

आम्ही शहरात राहतो. आमच्यासाठी काय?

शहरात ग्रामसभेसारखी प्रत्येक मतदाराची सभा रुजलेली नाही, हे मला खटकतं. पण वाटा आहेत. पुणे महापालिकेत 2006 पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी प्रभागातली कामं सुचवता येतात. पदपथ, दिवे, बाक, बसथांबा अशी छोटी कामं क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून मागायची. तुमच्या पालिकेत अशी सोय असो वा नसो, अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं हे ध्यानात धरून डिसेंबरच्या आधी नगरसेवक आणि प्रभाग कार्यालय दोघांना लेखी द्या.

चारचौघांत उभं राहून बोलायची भीती वाटते.

मग उभ्या राहू नका, बसून बोला. कागदावर दोनच ओळी लिहून न्या: एक प्रश्न आणि एक मागणी. आमच्या खालच्या आळीतली एक सून पहिल्या वेळी पदर सावरत एवढंच म्हणाली, "टाकीचा व्हॉल्व्ह कोण उघडतं, आणि आमच्याकडे पाणी यायच्या आत बंद का होतो?" कुणाकडेच उत्तर नव्हतं. व्हॉल्व्ह उघडणाऱ्याला बोलावून आणलं, वेळ ठरली, ती प्रोसिडिंगात लिहिली गेली. सूचक म्हणून तिचं नाव लागलं. खालच्या आळीत आता सकाळी साडेसहाला पाणी येतं.